रोपं चार पानांवर आली की पिवळी पडतात? खताच्या पिशवीला हात लावण्याआधी हे बघा

टोमॅटो आणि मिरचीची रोपं. बी झकास उगवतं, दलपत्रं (बीतून निघणारी पहिली जोडी) टवटवीत, पहिली दोन खरी पानं हिरवीगार. आणि मग चौथ्या-पाचव्या पानाच्या सुमाराला रंग उतरायला लागतो. माझ्या सलग तीन खेपा अशाच गेल्या. पहिल्या खेपेला नत्र (नायट्रोजन) कमी पडलं असं समजून 19:19:19 हे खत दिलं, म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) सारख्या प्रमाणात. दुसऱ्या खेपेला मॅग्नेशियम सल्फेट. तिसऱ्या खेपेला दोन्ही दिलं, आणि वर सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रणही. तिन्ही वेळा रोपं फिकीच राहिली, तिसऱ्या वेळी तर पानांची टोकंसुद्धा करपली. अन्न मातीत भरपूर होतं. मुळांना ते उचलता येत नव्हतं, एवढंच. हे कळायला मला तीन खेपा लागल्या.

लहान रोपांचं, म्हणजे पहिल्या सहा-आठ आठवड्यांतलं पिवळेपण बहुतेक वेळा खताच्या कमतरतेमुळे नसतंच, असं माझं आता ठाम मत झालं आहे. पाणी, मुळं आणि सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते), या तिघांपैकी कुणीतरी गुन्हेगार असतो. पण आपला हात आधी खताकडे जातो, कारण खत देणं म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटतं. मी आता ज्या क्रमाने तपासतो तो क्रम खाली देतो आहे. उदाहरणं टोमॅटो-मिरचीची आहेत, पण वांगी, ढोबळी मिरची, झेंडू, बहुतेक सगळ्या कुंडीतल्या रोपांना हेच लागू पडतं.

आधी ठरवा: कोणतं पान पिवळं पडलंय

"पानं पिवळी पडली" एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. तळाची जुनी पानं पिवळी आहेत की शेंड्याची नवी, हा पहिला प्रश्न. निम्मं निदान इथेच होतं.

घरात तंगी आली की थोरली माणसं आपल्या ताटातलं उचलून धाकट्यांना वाढतात. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम या चौघांच्या बाबतीत रोप तसंच वागतं. ही द्रव्यं झाडाच्या आत फिरू शकतात. कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून शेंड्याकडे पाठवतं. म्हणून या चौघांची उणीव तळाच्या पानांवर आधी दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं उलटं. ती एकदा पानात बसली की बसली. जुनं पान हिरवंगार राहतं आणि नव्या पानाच्या वाट्याला काही येत नाही. मँगेनीज आणि गंधकही बहुतांशी याच गटातले. जस्त मधल्यामध्ये, पण लहान रोपात ते शेंड्याकडेच जास्त दिसतं.

एक अपवाद आधीच सांगून टाकतो, कारण त्यावरून विनाकारण घबराट होते. दलपत्रं, म्हणजे बी उगवल्यावर निघणारी ती पहिली दोन गुळगुळीत पानं, ती पिवळी पडून गळणारच. त्यांच्यातला साठा संपला की त्यांचं काम संपलं. खरी चार-सहा पानं आलेली असतील आणि फक्त दलपत्रं पिवळी असतील तर काही करू नका. मात्र खरी पानं येण्याआधीच दलपत्रं पिवळी झाली असतील तर बहुधा पाणी जास्त झालं आहे.

मग पिवळेपणाची नक्षी बघा

पान उजेडाकडे धरून बघा, आणि दिवसाच्या उजेडात. जांभळट एलईडी दिव्याखाली पानाचा रंग ओळखता येत नाही. त्या दिव्याखाली काढलेल्या फोटोवरून केलेलं निदान म्हणजे अंधारात तीर.

तळाचं पान शिरांसकट सगळंच एकसारखं फिकं, मग पिवळं, आणि एकूण रोपच मलूल-फिकट हिरवं, वाढ खुंटलेली: हे नत्र. ओळखायला सगळ्यात सोपं आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वेळा चुकीचं ठरवलं जाणारं, कारण जास्त पाण्यानेही हुबेहूब असंच दिसतं. त्याबद्दल पुढे बोलतो.

तळाच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, जणू पानावर हिरव्या रेषांचा सांगाडा काढलाय: हे मॅग्नेशियम. हीच नक्षी शेंड्याच्या कोवळ्या पानावर असेल तर मात्र लोह. या दोघांची गल्लत फार होते, कारण दोन्हीकडे शिरा हिरव्या असतात. माझीही दुसऱ्या खेपेला हीच झाली. मला हिरव्या शिरा दिसल्या, मी मॅग्नेशियम दिलं, आणि पान कितवं आहे हे बघितलंच नाही. लोहाच्या उणिवेत शिरा अगदी बारीक, रेखीव जाळीसारख्या दिसतात आणि उणीव वाढली की पान पार पांढुरकं होतं. नव्याच पानावर शिरांच्या दोन्ही बाजूंना हिरव्या रंगाचा रुंद, पुसट पट्टा राहत असेल तर मँगेनीजचा संशय घ्यावा. पण खरं सांगायचं तर लोह आणि मँगेनीज बरोबरच अडतात, आणि अडण्याचं कारणही एकच असतं, त्यामुळे फार चिकित्सा करत बसू नका.

नवं पान शिरांसकट एकसारखं पिवळं असेल तर गंधक, पण हे कुंडीत मी क्वचितच पाहिलंय.

तळाच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी, भाजल्यासारख्या, आणि मधला भाग अजून हिरवा: पालाश. इथे सावध राहा. खताचे क्षार साठले तरी टोकं आणि कडा अशाच जळतात. पालाशची उणीव तळातून सुरू होऊन सावकाश वर सरकते. क्षारांची जळजळ खत दिल्यानंतर तीन-चार दिवसांत आणि बरेचदा सगळ्याच पानांच्या टोकांवर उमटते.

पानाची खालची बाजू आणि शिरा जांभळ्या, पान गडद निळसर हिरवं, रोप तिथल्या तिथे थिजलेलं: पुस्तकी उत्तर स्फुरद. पण टोमॅटोच्या रोपात हे बहुतेक वेळा थंडीमुळे होतं. मातीचं तापमान 15 अंशांच्या खाली गेलं की मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही. ट्रे गार फरशीवरून उचलून लाकडी फळीवर किंवा थर्माकोलवर ठेवा, ऊब वाढली की नवी पानं आपोआप हिरवी येतात. खत घालून थंडी जात नाही. काही जातींच्या रोपांचं खोड आणि शिरा उपजतच जांभळट असतात, तेही लक्षात असू द्या.

शेंड्याची पानं वेडीवाकडी, चुरगळलेली, टोकं वाळलेली, आणि शेवटी शेंडाच काळपट पडून थांबलेला: कॅल्शियम किंवा बोरॉन. लहान रोपात कॅल्शियमचा प्रश्न मुख्यतः न धुतलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा नुसत्या आरओच्या पाण्यावर वाढवलेल्या रोपात येतो. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं. पान जिथे जास्त पाणी उडवतं तिथे ते जास्त जातं, म्हणून दमट, कोंदट जागेत मातीत कॅल्शियम असूनही शेंडा उपाशी राहतो. अशा वेळी खतापेक्षा हवा खेळती करणं जास्त उपयोगी पडतं. पानं बारीक, दोन पानांमधलं अंतर कमी, शेंड्याला गुच्छासारखं रूप आलं असेल तर जस्त.

खत बाजूला ठेवा, कुंडी उचला

नक्षी कळली तरी लगेच खत नाही. आधी कुंडी उचलून वजन बघा. पाणी दिल्यावर लगेच एकदा आणि दोन दिवसांनी एकदा अशी उचलून बघण्याची सवय लागली की हाताला अंदाज येतो. वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी घालायचं, आणि खाली चिखल, हे कोकोपीटमध्ये रोजचं आहे. कोकोपीट वरून फिकं पडतं आणि आतून ओलंच असतं.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं श्वास घेऊ शकत नाहीत, आणि श्वास नाही तर अन्नद्रव्यं उचलायला ताकद नाही. मग मातीत नत्र असूनही तळाची पानं पिवळी पडतात. टोमॅटोत याची एक खास खूण आहे. पाणी साचलेल्या मुळांमध्ये इथिलीन (झाडातलं वायुरूप संप्रेरक) तयार करणारं द्रव्य बनतं, ते वर पानांपर्यंत जातं आणि तिथे त्याचं इथिलीन होतं. त्याने पानाचा देठ खालच्या बाजूला वाकतो. पान मात्र कडक आणि भरलेलंच असतं. म्हणजे रोप खांदे पाडून उभं असल्यासारखं दिसतं, पण पान हाताला लुळं लागत नाही. पाणी कमी पडलेलं रोपही खाली झुकतं, पण त्याचं पान कापडासारखं मऊ लागतं. बोटांनी पान चाचपून बघा, फरक लगेच कळतो. माती ओली असताना रोप सुकलं आणि आपण आणखी पाणी घातलं, तर समजा त्याचे दिवस भरले.

शंका असेल तर एक रोप मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. एका रोपाचा बळी गेला तरी चालेल, पण बहुधा जात नाही. मुळं पांढरी किंवा मळकट पांढरी, टोकं टणक असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत, ओढल्यावर सालपट सुटून आत दोऱ्यासारखा धागा उरत असेल आणि वास कुबट असेल तर मुळं कुजलीयत. अशा रोपाला खत देऊ नये. मातीच्या पातळीशी खोड बारीक होऊन रोप आडवं पडत असेल तर ती मर; ते रोप गेलं, शेजारच्या रोपांचं पाणी कमी करा.

मातीवर चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या उडत असतील तर त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खात असण्याची शक्यता आहे. बटाट्याची एक चकती मातीवर ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी उलटून बघा. काळ्या डोक्याच्या पांढऱ्या, पारदर्शक अळ्या चिकटलेल्या असतील तर कारण सापडलं. वरचा थर वाळू दिला की त्यांची पैदास निम्म्यावर तरी येते, पिवळे चिकट सापळे उडणाऱ्या माश्यांसाठी.

माझा गुन्हेगार: पाणी

आता माझ्या तीन खेपांकडे येतो. मुळं पांढरी होती. पाणी मी जास्त देत नव्हतो. तळाची पानं हिरवी, शेंड्याची पिवळी, शिरांची बारीक हिरवी जाळी. लोह. पण मिश्रणात लोह होतं, दिलं होतं, तरीही.

लोहाची गोष्ट अशी की मातीत ते ढीगभर असलं तरी विरघळलेल्या रूपात असावं लागतं. सामू एका अंकाने वाढला की मातीत विरघळू शकणारं लोह सुमारे हजार पटीने घटतं. सामू 6 च्या आसपास असताना रोप मजेत असतं, 7.5 च्या पुढे गेला की तेच रोप लोहाच्या ढिगाऱ्यावर बसून उपाशी. मी माझ्या कुंडीतली माती एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी दोन भाग असं ढवळून, अर्धा तास ठेवून मोजली. 7.8. सुरुवातीला भरताना तीच माती 6.4 होती. मोजायला बफरने (ठरावीक सामूच्या द्रावणाने) जुळवलेला मीटर किंवा चांगल्या पट्ट्या वापरा. मातीत खुपसायचे ते बिनबॅटरीचे दोन काट्यांचे मीटर माझ्या मते फक्त शोभेचे.

सामू वर कोणी नेला? बोअरच्या पाण्याने. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाण्याचा स्वतःचा सामू फारसा महत्त्वाचा नाही. त्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे क्षारता, महत्त्वाची. 8 सामूचं पण कमी क्षारतेचं पाणी माती बिघडवत नाही. 7.2 सामूचं पण भरपूर बायकार्बोनेट असलेलं पाणी म्हणजे प्रत्येक तांब्याबरोबर मातीत चिमूटभर चुना. मोठ्या वाफ्यात हे पचून जातं. ट्रेच्या खणात किंवा पेल्याएवढ्या कुंडीत मूठभर माती असते, तिची सहनशक्ती तीन-चार आठवड्यांत संपते. आणि तीन-चार आठवडे म्हणजे बरोबर चौथं-पाचवं पान! दर खेपेला त्याच वयात रोप पिवळं का पडतं याचं कोडं तिथे सुटलं.

क्षारता मोजायला माशांच्या टाकीसाठी मिळतं ते केएच मोजायचं थेंबांचं किट पुरतं. त्यातला एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे 18 मिलिग्रॅम क्षारता. माझं पाणी 14 अंश भरलं, म्हणजे 250 च्या घरात. लहान कुंड्यांसाठी 100 ते 150 च्या पुढे त्रास सुरू होतो. किट नसेल तर पाणी उकळायचं भांडं बघा, तळाला पांढरी खरवड जाड बसत असेल तर तुमचंही पाणी याच जातीचं. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून फेस आला तर मातीतच मोकळा चुना आहे.

तरी खात्री करायची होती, कारण तीन वेळा तोंडघशी पडलो होतो. म्हणून पानावर रंगकाम केलं. पावसाच्या पाण्यात लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात ताजं हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवलं, साबणाचा एक थेंब टाकला आणि बारीक कुंचल्याने एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागावर लावलं. दुसरा अर्धा तसाच ठेवला. शेजारच्या रोपाच्या पानावर तसंच मॅग्नेशियम सल्फेट. संध्याकाळी लावलं, म्हणजे ऊन लागून पान भाजत नाही. पाचव्या दिवशी हिराकस लावलेला अर्धा भाग ठिपक्या-ठिपक्यांनी हिरवा झाला होता, उरलेला अर्धा पिवळाच. मॅग्नेशियमवाल्या पानाला ढिम्म फरक नाही. पानाची चाचणी यापेक्षा स्वस्त आणि स्पष्ट मला दुसरी माहीत नाही. मॅग्नेशियम, मँगेनीज, जस्त, कशासाठीही ती करता येते, फक्त द्रावण पातळ ठेवा आणि हिराकसाचं द्रावण कायम ताजं करा. जड पाण्यात ते तासाभरात गंजाच्या रंगाचं होतं, आणि तेच कुंडीतही होतं. म्हणूनच चुनखडीच्या मातीत हिराकस ओतून उपयोग होत नाही.

उपाय काय केला? अर्धं बोअरचं आणि अर्धं साठवलेलं पावसाचं पाणी. बस्स. क्षारता निम्म्यावर आली. नुसतं पावसाचं किंवा आरओचं देऊ नये, कारण बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रोपाला हवंच असतं. निम्मं मिसळलं की दोन्ही साधतं. पावसाचं पाणी नसेल तर पाणी उकळून, गार करून, खरवड खाली बसू देऊन वरचं निथळ वापरता येतं, थोड्याशा रोपांना हे जमतं. सायट्रिक ॲसिडही चालतं, माझ्या पाण्याला लिटरला साधारण 0.3 ग्रॅम लागलं, पण प्रत्येक पाण्याला वेगळं लागतं, सामू 6 च्या आसपास येईपर्यंत मोजत-मोजत घालायचं. आणि मातीतले जिवाणू ते खाऊन टाकतात, त्यामुळे त्याचा परिणाम तात्पुरता. मिठाने मृदू केलेलं, म्हणजे घरातल्या सॉफ्टनरमधून आलेलं पाणी मात्र अजिबात नको. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं, बायकार्बोनेट जिथल्या तिथेच.

पाणी सुधारेपर्यंत अडलेल्या रोपांना चिलेटेड लोह दिलं, म्हणजे सामू वाढला तरी विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह. इथे पाकिटावरचा आकडा फसवतो. यातले दोन प्रकार: ईडीटीए प्रकारात लोह 12 टक्के असतं, ईडीडीएचए प्रकारात 6 टक्के. 12 मोठं म्हणून बहुतेकजण ते उचलतात. पण ईडीटीए सामू 6.5 च्या पुढे लोह सोडून देतं आणि चुनखडीच्या मातीत निकामी ठरतं. ईडीडीएचए 9 सामूपर्यंत टिकतं. पहिलं फवारणीला, दुसरं मातीतून. ईडीडीएचए गडद लालसर असतं आणि हाताला, फरशीला डाग पाडतं.

जास्त झालेलं खत

तिसऱ्या खेपेची करपलेली टोकं मी स्वतः ओढवून घेतली होती. लहान रोपाला 19:19:19 लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, एवढं पुष्कळ होतं. मोठ्या झाडांचं प्रमाण रोपांना लावू नका. शिवाय त्यातलं निम्म्याच्या आसपास नत्र बहुधा युरियाच्या रूपात असतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यात नसतंच. म्हणून "सगळं देतोय तरी" हे वाक्य बरेचदा खरं नसतं. एक द्रव्य कमी असेल तर बाकीची दुप्पट देऊन वाढ होत नाही, उलट पालाश जास्त झाला की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम आणखी अडतं.

कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीनदा धुऊन घ्या. त्यात मुळात पालाश आणि सोडियम जास्त असतं, आणि ते कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतं. धुतल्यावर लिटरला दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून परत निथळलं तर पुढचा बराच त्रास वाचतो. कॅल्शियम नायट्रेट मात्र मॅग्नेशियम सल्फेटच्या किंवा 19:19:19 च्या दाट द्रावणात मिसळू नका, गढूळ साका बसतो आणि दोन्ही वाया.

अर्धवट कुजलेलं शेणखत हाही जुना दोस्त. हाताला गरम लागत असेल किंवा डोळ्यांना झोंबत असेल तर ते रोपांसाठी तयार नाही. लाकडाचा भुसा किंवा पालापाचोळा न कुजवता मिसळला असेल तर त्याला कुजवणारे जिवाणू आधी नत्र खातात, रोप नंतर. हा एक प्रसंग असा आहे की खरोखर नत्र कमी असतं आणि ते दिल्यावर फरक पडतो.

क्षार मोजायचा टीडीएस मीटर असेल तर एक लक्षात ठेवा: तो खरं तर विद्युतवाहकता (ईसी) मोजतो आणि तिला 0.5 किंवा 0.7 ने गुणून पीपीएम दाखवतो. कुणी सांगितलेला पीपीएमचा आकडा आणि तुमच्या मीटरचा आकडा म्हणून जुळत नाही. दोन मीटरवरून भांडण्याऐवजी ईसीचाच आकडा बघा.

उणिवेसारखं दिसतं पण नसतं

उणीव सहसा नेमस्त असते. पानाच्या दोन्ही बाजूंना सारखी, आणि एकाच मातीतल्या सगळ्या रोपांवर थोडीफार सारखी. एका पानाच्या एकाच बाजूला डाग, एकच रोप आजारी आणि शेजारचं ठणठणीत, असं असेल तर कीड किंवा रोग आधी शोधा. भिंग घ्या, पान उलटं करा.

मिरचीची पानं होडीसारखी वरच्या बाजूला वळलेली असतील तर फुलकिडे. खाली वळून उलट्या होडीसारखी, लांबट, देठ लांबलेले असतील तर कोळी, जो साध्या डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही मिळून ज्याला आपण चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो तो प्रकार. यावर कॅल्शियम फवारत बसणारी माणसं मी पाहिली आहेत, एकेकाळी त्यात मीही होतो. टोमॅटोची शेंड्याची पानं बारीक, कडा पिवळ्या, वर वळलेल्या आणि रोप बुटकं राहिलं असेल, जोडीला पांढरी माशी असेल, तर तो विषाणू. त्याला औषध नाही, रोप पिशवीत घालून बाहेर काढा.

खालची पानं जाड, चामड्यासारखी, वर वळलेली पण हिरवीगार: टोमॅटोला ऊन, वारा किंवा पाण्याचा ताण बसला की असं होतं, त्याने बिघडत काही नाही. सावलीतलं रोप एकदम उन्हात ठेवल्यावर पडलेले पांढरे, कागदासारखे चट्टे हे उन्हाचे. सात-दहा दिवस ऊन थोडं-थोडं वाढवत न्यायचं असतं. आणि शेंडा नेच्यासारखा, दोरीसारखा पिळवटलेला निघाला तर तणनाशकाचा विचार करा. टोमॅटो 2,4-डी या तणनाशकाला अतिशय नाजूक. फवारलेल्या पेंढ्यातून, खतातून, एवढंच काय, त्याच पंपातून पाणी फवारलं तरी पुरतं.

किती दिवस थांबायचं

एका वेळी एकच बदल. दोन केले तर कशाने गुण आला ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने तेही नाही. बदल केला त्या दिवशी सगळ्यात वरच्या उघडलेल्या पानाच्या देठाला एक रंगीत दोरा सैल बांधा. त्या दोऱ्याच्या वर जे पान येईल त्याच्याकडेच बघायचं. खाली जे पिवळं, करपलेलं आहे ते बहुतेक तसंच राहणार. ते हिरवं होत नाही म्हणून आणखी खत टाकण्याची चूक करू नका. ते तोडूही नका, अर्ध्याहून जास्त हिरवं असेल तोवर ते कामाचं आहे. ऊब आणि उजेड ठीक असेल तर सात ते दहा दिवसांत दोऱ्याच्या वरचं पान उत्तर देतं.

आणि तिन्ही-चारही लक्षणं एकदम दिसत असतील, टोकं करपलेली, तळ पिवळा, शेंडा फिका, माती कायम ओली, तर निदानाच्या मागे लागू नका. रोप काढा, जमेल तेवढी जुनी माती हळूच झटका, ताज्या, हलक्या, धुतलेल्या मातीत लावा. टोमॅटो असेल तर खोड थोडं खोल गाडा, त्यावर नवी मुळं फुटतात. मिरचीला पूर्वीच्याच पातळीवर ठेवा. साधं मिसळलेलं पाणी द्या, खत अजिबात नाही, चार दिवस सावलीत. दहा दिवसांनी शेंडा हलला नाही तर नवं बी टाका. थांबून फार तर महिना जाईल, आणि महिन्याभरात नवं रोप त्याच उंचीला आलेलं असतं.